बुडबुड्याला कोपरे नसतात

अणूच्या कामात होते म्हटलं की लोकांची पहिली नजर माझ्या केसांवर जाते आणि दुसरी नखांवर. केस आहेत, पांढरे झालेत एवढंच. नखंही दहाची दहा आहेत. मग विचारतात, "बॉम्ब बनवत होता काय?" मी सांगते, नाही, घासत होते.

मी चौथी शिकलेली बाई. आमच्या शहरातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाडूपोछ्याला लागले आणि निवृत्त झाले तेव्हाही कागदावर तेच काम होतं. मधली वीसेक वर्षं मी जे केलं ते कागदावर कुठंच नाही, म्हणून इथं लिहिते. नातीनं शुद्धलेखन तपासलं आहे. मजकुराला तिला हात लावू दिलेला नाही.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अणुभट्टीत जळण म्हणून युरेनियमच्या गोळ्या असतात. खडू मोडल्यावर हातात राहतो तेवढा तुकडा डोळ्यांपुढं आणा. कुंभार भांडं भाजतो तशी भाजून ती गोळी टणक केलेली असते. अशा गोळ्या एकावर एक रचून धातूच्या नळीत भरतात आणि नळीची दोन्ही तोंडं बंद करतात. आत अणू फुटतो, त्याची धग निघते, धगीनं पाणी तापतं, पुढं वीज होते. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. अणू फुटल्यावर त्याचे जे तुकडे होतात, त्यातले काही वायू असतात, हे ठाऊक नसतं. झेनॉन आणि क्रिप्टॉन ही त्यांची नावं. हे वायू कुणाशीच सोयरीक करत नाहीत. टणक गोळीत त्यांना बसायला जागा नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. मग ते एकमेकांना शोधत फिरतात आणि एकत्र येऊन बुडबुडे करतात.

गोळी म्हणजे बारीक दाणे एकमेकांना चिकटून झालेली असते. बुडबुडे आधी दाण्याच्या पोटात होतात, फार बारीक. मग वायू सरकत सरकत दोन दाण्यांमधल्या बांधावर येतो आणि तिथं मोठे बुडबुडे धरतो. बांधावरचे बुडबुडे एकमेकांना लागले की बोगदा होतो आणि वायू नळीत सुटतो. गोळी फुगते, नळीत दाब वाढतो, धग बाहेर जायला अडचण होते, गोळी आणखी तापते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी देशमाने सरांना म्हणाले, "म्हंजी भाकरीसारखंच की. वाफ कोंडली की फुगती."

सर म्हणाले, "बरोबर. फक्त भाकरी फुगली की तुम्ही खूश होता यमुनाबाई, आणि गोळी फुगली की आम्ही घाबरतो."

देशमाने सर प्रयोगशाळेचे मुख्य. त्यांचं सगळं आयुष्य या बुडबुड्यांवर गेलं. खऱ्या युरेनियमनं आमच्या इमारतीत कधी पाय ठेवला नाही. सर तशाच वागणुकीची, पण किरण न सोडणारी दुसरी पूड आणायचे, तिच्या चकत्या भाजायचे, आणि मी घासून दिल्यावर त्या परगावच्या एका मोठ्या यंत्राकडं पाठवायचे. ते यंत्र झेनॉनचे कण बंदुकीच्या छर्‍यासारखे चकतीत मारतं. कण फार खोल जात नाहीत, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढं जेमतेम. चकती परत आली की भट्टीत तापवायची, म्हणजे वायू हालचाल करतो. मग मोठ्या मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे आणि बुडबुडे मोजायचे. सगळा खेळ वरच्या त्या पातळ कातडीत. ती कातडी आरशासारखी असायला हवी, कारण एकदा वायू आत गेला की परत घासता येत नाही. घासलं तर वायूसकट कातडी जाते.

माझ्याकडं हे काम आलं ते एका पितळी समईमुळं. कॉलेजात पाहुणे यायचे होते, मी समई घासली, सरांनी तिच्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि विचारलं, "चकत्या घासाल का?" त्यांचे विद्यार्थी एम.एस्सी. झालेले, पण हात असे जड की चकतीचा कडेलोट व्हायचा.

चकती मेणानं लोखंडी ठोकळ्याला चिकटवायची. आधी जाडा पाणीपेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून. शेवटी फिरत्या चाकावर मखमल लावून हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट. प्रत्येक पायरीनंतर चकती वाहत्या पाण्याखाली धुवायची, कारण जाड्या पेपरचा एक कण जरी मखमलीवर आला तर तो चकतीतला दाणाच उपटून काढतो आणि खड्डा पडतो. दाब बोटाला कळतो, तो शिकवता येत नाही. चाकाचा आवाज बदलला की समजायचं आता आरसा उतरतोय. तो आवाज अजून कधी कधी कानात येतो. मिक्सरवर चटणी वाटताना मी उगाच थांबून ऐकते. तेव्हाची दुपार, उघड्या खिडकीतून येणारा कडुलिंबाचा वास, स्पिरिटचा वास, आणि काळ्या चकतीत हळूहळू दिसायला लागलेलं स्वतःचं नाक. माझं नाक काही बघण्यासारखं नाही, पण तिथं चांगलं दिसायचं.

एकदा एक पुढारी दहाबारा माणसं घेऊन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की कॉलेजात अणू सांडलाय. सर बाहेरगावी होते.

"मॅडम, इथं अणू कुठं ठेवतात?" त्यानं मला विचारलं. त्या एका दिवसापुरती मी मॅडम झाले.

मी चिमट्यात धरलेली चकती पुढं केली. "ह्यो घ्या."

सगळे जिन्यापर्यंत मागं गेले. पुढारी तिथूनच ओरडला, "चमकतं का हे?"

"लई चमकतं. घासल्यावर."

"आणि हाताला काय होतं?"

"हात काळे होतात. साबणानं निघतं."

निवेदन द्यायला आणलेला कागद जिन्यात तसाच टाकून ती मंडळी गेली. त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी आठवडाभर पेस्ट पुसली.

घासण्यापाठोपाठ मोजणंही माझ्याकडं आलं. फोटोंच्या मोठ्या प्रती काढायच्या, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवायची, पट्टीवर लहानमोठी वर्तुळं, आणि प्रत्येक बुडबुड्यावर रंगीत पेननं ठिपका देत जायचं. लहान हिरवा, मधला निळा, मोठा तांबडा. पुढं संगणक मोजायला लागला, पण दोन बुडबुडे एकमेकांना चिकटलेले असले की तो एकच धरायचा, म्हणून सर माझ्याकडून पुन्हा मोजून घ्यायचे. फोटोत दाणे आणि बांध कसे दिसतात म्हणाल, तर दौलताबादच्या किल्ल्यावरून खालची शेतं दिसतात तसे. मी त्या शेतांतून वीस वर्षं फिरले आहे.

आता नसरीनचं सांगते. लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

नसरीन सरांची शेवटची विद्यार्थिनी. वडिलांचं छावणी भागात शिलाईचं दुकान. मुलगी हुशार, तोंडाची तिखट, आणि कामात अशी गर्क की ओढणी दोनदा चाकात गेली. मला मौसी म्हणायची. तिची मंगनी जालन्याच्या एका घरात झालेली होती. सासरच्यांनी एकच सांगितलं होतं, पुढच्या ईदपर्यंत पीएच.डी. उरकू दे, त्याच्यापुढं आम्ही थांबणार नाही. वडिलांनी तसा शब्द दिला होता. म्हणजे तिच्याकडं एकच वर्ष होतं आणि परगावच्या यंत्रावर आमच्या कॉलेजची पाळी यायची वर्षातून एकदा.

तिच्या तीन चकत्या मी घासल्या तो उन्हाळा होता. आमच्या शहरातल्या नळाचं वेळापत्रक बाहेरच्यांना सांगून पटत नाही. त्या उन्हाळ्यात आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि कॉलेजच्या टाकीच्या तळाशी शेवाळ दिसत होतं. मी घरी भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळणारी, भांड्यांचं पाणी मोरीला आणि मोरीचं पाणी झाडाला घालणारी बाई. नळ सोडून चकती धुवायची आणि ते पाणी गटारात जाऊ द्यायचं, हे माझ्या हातानं होईना. मी एक पातेलं भरून घेतलं आणि सगळ्या पायऱ्यांची धुणी त्यातच केली. पाणी वाचवलं म्हणून मनात शाबासकीही दिली.

जाड्या पेपरचे कण पातेल्याच्या तळाशी बसले होते. ते चकतीबरोबर मखमलीवर गेले आणि त्यांनी बांधावरचे दाणे उपटले. खड्डे पडले. पण त्या खड्ड्यांत पेस्टीचा आणि भुकटीचा गाळ बसून ते लिंपले गेले, आणि वरून आरसा तसाच्या तसा. सारवलेल्या जमिनीत उंदराचं बीळ दिसत नाही तसं. मी तपासल्या, नसरीननं तपासल्या, सरांनीही. चकत्या यंत्राकडं गेल्या, झेनॉन घेऊन परत आल्या, भट्टीत तापल्या. भट्टीत तो गाळ जळून गेला आणि खड्डे उघडे पडले.

फोटो आले तेव्हा प्रयोगशाळेत दिवाळी झाली. बांधाबांधावर भोकांच्या रांगा. इतक्या कमी तापण्यात इतका वायू बांधावर येतो असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी तेव्हाच त्यावर शोधनिबंध लिहायला घेतला. नसरीननं पेढे वाटले, मला दोन दिले.

"मौसी, गिनो जल्दी. मेरा आखिरी चॅप्टर है ये."

मी पट्टी ठेवली, ठिपके द्यायला लागले आणि विसाव्या की पंचविसाव्या भोकाला पेन थांबलं. भोकाला कोपरा होता. पुढच्यालाही. बुडबुड्याला कोपरे नसतात. आतला वायू सगळीकडं सारखं रेटतो, म्हणून तो गोल होतो. दाणा उपटला तर मात्र दाण्याच्या आकाराचा खड्डा राहतो, कोपऱ्यांसकट. ते खड्डे माझ्या ओळखीचे होते. नवीन होते तेव्हा मीच पाडायचे. आणि ते पातेलंही मला आठवलं.

मी सगळी भोकं मोजली, आकडा दिला आणि गप्प बसले. आठ दिवस. याचं कारण सोपं आहे, चूक माझी होती. वीस वर्षांत सरांनी माझ्या हाताला कधी नाव ठेवलं नव्हतं आणि ते ठेवलेलं मला बघायचं नव्हतं. रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याची ओळ आली तेव्हा मला खोकला आला. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. खोकला नव्हता, हे तिलाही कळलं असेल. त्या आठ दिवसांत सरांनी निबंध छापायला पाठवून दिला. मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर तो गेला नसता. याबद्दल मला आजही कुणी दूषण दिलेलं नाही, म्हणून मीच देते.

नवव्या दिवशी मी नसरीनला खिडकीपाशी बोलावलं आणि सांगितलं.

ती हसली. "मौसी, सर म्हणतात ना, स्फटिकात कधी कधी बुडबुड्यालाही कोपरे येतात. पुस्तकात आहे."

"आसंल. मग कडेचा फोटू काढ."

"कडेला काय आहे?"

"काय बी नाय. म्हणून तर काढ."

चकतीची कड यंत्रातल्या चिमट्याखाली झाकलेली असते. तिथं झेनॉन जातच नाही, म्हणून कडेचा फोटो कुणी काढत नाही. नसरीन माझ्याकडं बघत राहिली. तिचं हसू कुठं गेलं ते मी पाहिलं. तिनं चकती मायक्रोस्कोपमध्ये ठेवली, पडद्यावर कड आणली. भोकांच्या रांगा तिथंही होत्या, तशाच.

 ती म्हणाली, "धोई कैसे थी?"

मी पातेल्याचं सांगितलं.

"एक बाल्टी पानी!" ती ओरडली. "एक बाल्टी पानी के वास्ते मेरा साल गया, मौसी! मुझे बोलते, मैं घर से लाती! डोक्यावर आणलं असतं!"

मी म्हटलं, "व्हय."

"व्हय काय? काही तरी बोला ना!"

"काय बोलू? चूक माझी हाय. तुझं साल परत द्यायला माझ्याकडं नाय."

तिनं पेनांचा डबा उचलून आपटला. हिरवी, निळी, तांबडी पेनं खोलीभर झाली. मी ती गोळा केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही दोघी सरांकडं गेलो. सरांनी कडेचा फोटो पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. मग विचारलं, "हा फोटो आणखी कुणी पाहिलाय?"

"तुम्ही, मी आणि मौसी," नसरीन म्हणाली.

सरांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला.  ते म्हणाले, "नसरीन, प्रबंध तुझा आहे. तू ठरव."

हे मला आवडलं नाही. सर भले माणूस होते, पण ते त्यांनी ठरवायला हवं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीवर ते ढकलायचं नाही. मी तसं बोललेही. "सर, तुमचं नाव बी हाय की त्या निबंधावर." सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"अब्बा को क्या बोलूं मैं," एवढंच म्हणून नसरीन बाहेर गेली. मला वाटलं, आता येत नाही. ती फोटो फाडून टाकू शकत होती. कड पुन्हा कुणी बघणार नव्हतं, परीक्षक तर मुळीच नाही. मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. आठ दिवस गप्प बसलेल्या बाईनं त्याची फुशारकी मारू नये.

ती तोंड धुऊन परत आली. उभ्यानंच म्हणाली, "सर, कडेला वायू नव्हता. चॅप्टर काढून टाका." मग सरांनी स्वतः पत्र लिहून निबंध मागं घेतला. ते मात्र त्यांनी लगेच, आमच्यासमोर केलं.

नव्या चकत्या आल्या. मी ठोकळा घ्यायला हात पुढं केला, तर नसरीननं तो आधीच उचलला होता. "मैं करूंगी."

मी स्टूल ओढून शेजारी बसले. दोन्ही हात मांडीवर. असं रिकामं बसायची मला सवय नव्हती. तिनं घरून दोन कॅन पाणी आणलं होतं, रिक्षातून. पहिली चकती तिनं उजेडाला धरली.

"कशी आहे?"

"वाईट. डाव्या अंगाला दाब जास्त."

पुन्हा घासली. "आता?"

"वाईट."

"मौसी, तुम्हीच करा ना!"

"नाय. तुझी चकती तू कर."

तीन आठवडे गेले. तिची बोटं सोलली, भांडणं झाली, दोन दिवस ती माझ्याशी बोललीही नाही, नुसतं दाखवायची आणि मी मान हलवायचे. एका दुपारी चाकाचा आवाज बदलला. आमच्या दोघींची मान एकदमच वर झाली. तिला तो ऐकू आला हे मला दिसलं, आणि वीस वर्षांत मला कशाचा एवढा आनंद झाल्याचं आठवत नाही. चकती बघून मी म्हटलं, "पाठव."

पुढचं सरळ आहे. पाळी यायला वर्ष लागलं. या वेळी बांधावर थोडेच बुडबुडे निघाले, गोल, पुस्तकात सांगितल्याएवढेच. कड कोरी. नवं काही सापडलं नाही, पेढेही नव्हते. नसरीनला पदवी मिळाली. जालन्याचे लोक मात्र थांबले नाहीत. पाळीआधीच ईद झाली आणि त्यांनी अंगठी परत मागवली. तिचे वडील मला एकदा रस्त्यात दिसले. ते बाजू बदलून गेले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मी निवृत्त झाले, सरही झाले. प्रयोगशाळेत आता नवं यंत्र आहे, ते आपोआप घासतं म्हणतात. मी बघायला गेले नाही. नसरीन दुसऱ्या शहरात चकत्यांचंच काम करते. लग्न पुढं झालं तिचं, तिथल्याच एका शिक्षकाशी.

गेल्या हिवाळ्यात छावणीच्या बाजारात ती समोर आली. माहेरी आली होती. अंगानं भरली होती, बोटांच्या टोकांना तोच काळा रंग. मी भाजीची पिशवी खाली ठेवली. मला गोल गोल बोलता येत नाही, आणि या वयात पुन्हा भेट होईल याची खात्री नसते, म्हणून सरळ विचारलं.

"तुझी मंगनी माझ्या हातानं मोडली. राग हाय का गं अजून?"

तिनं विचार केला. खरोखरच केला, उगाच नाही म्हणायचं म्हणून म्हणाली नाही.

"है, मौसी. थोडा है."

मला बरं वाटलं. नाही म्हणाली असती तर मी रात्रभर तिच्या बोलण्यातली खोट शोधत बसले असते. मग तिनं माझी पिशवी उचलली, रिक्षा थांबवली, मला आधी बसवलं आणि शेजारी बसत म्हणाली, "घर किधर है अभी तुम्हारा? चाय पिलाओ."